बाळ येण्याआधी एक भिंत मोकळी करा



गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकीच्या घरी नात आली. दिवस भरण्याआधीच आली. सून आठव्या महिन्यात स्टुलावर चढून माळ्यावरचा तांदळाचा डबा काढत होती. तोल गेला, पडली आणि त्याच रात्री कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलीचे वजन भरले 1 किलो 800 ग्रॅम. सुरुवातीचे दिवस तिने काचेच्या पेटीत काढले. घरी सोडताना सिस्टरने सांगितले, "हिला जितके तास जमेल तितके तास आईच्या उघड्या छातीशी ठेवायचे. आईने पाठ टेकून, थोडे मागे रेलून बसायचे. आई थकली की बापाने घ्यायचे. तुमच्या अंगाची ऊब हेच हिचे औषध."

घरी आल्यावर कळले की दहा बाय बाराच्या त्या खोलीत पाठ टेकायला भिंतच नाही. एका भिंतीला कपाट आणि फ्रीज. दुसरीला ओटा आणि मोरी. तिसरीला दार, चपला आणि नादुरुस्त सायकल. चौथीला पाण्याची दोन पिंपे, त्यांवर पत्र्याच्या पेट्या, पेट्यांवर गोधड्यांचे गाठोडे, आणि शेजारी वर्षभर न चाललेले शिलाई मशीन. बाळंतीण पहिली रात्र फ्रीजला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या पुरुषांनी अर्ध्या दिवसात ती चौथी भिंत मोकळी केली. सायकल भंगारात गेली, तिच्या जागी एक पिंप गेले, पेट्या कपाटावर गेल्या. अर्ध्या दिवसाचे काम होते. ते दोन महिने आधी झाले असते तर तांदळाचा डबा माळ्यावर राहिला नसता, सून स्टुलावर चढली नसती.

आम्ही हे पान चालवणाऱ्या बाया त्यानंतर बरेच दिवस याच विषयावर बोलत होतो, कारण पडली ती एक सून असली तरी तशी खोली आपणा सगळ्यांचीच आहे. म्हणून यावेळी औषधाबद्दल न लिहिता घरातल्या पसाऱ्याबद्दल लिहायचे ठरवले. आमचे म्हणणे एवढेच आहे की बाळासाठी काही विकत आणण्याआधी घरात त्याची जागा करा, आणि ती जागा घरातल्या धडधाकट माणसांनी करा, पोटुशीने नाही.

पसारा हा आळस नव्हे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वस्तीतल्या घरात पसारा असतो तो आपल्या बाया गबाळ्या आहेत म्हणून नाही. नळाला तासभर पाणी येते, म्हणून पिंपे लागतात. रेशन महिन्याचे एकदम येते, म्हणून डबे लागतात. पावसात पत्रा गळतो, म्हणून प्लास्टिकचा कागद जपून ठेवावा लागतो. फुटक्या बादलीत तुळस नाहीतर कढीपत्ता लागतो, जुन्या साडीची गोधडी होते. ज्यांना वस्तू पुन्हा विकत आणायला दोनदा विचार करावा लागत नाही, त्यांना "टाकून द्या" म्हणणे सोपे जाते. टीव्हीवर दाखवतात ती बाळाची वेगळी खोली, भिंतीवर ढग आणि ससे रंगवलेली, ती आपल्यासाठी नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात आज मिळणारे घरही 300 चौरस फुटांचे. त्यात म्हातारे आई-वडील, लग्नाचा दीर, शाळेत जाणारी दोन मुले आणि आता नवे बाळ.

घर लहान आहे हा आपला दोष नाही. गावकुसाबाहेर ठेवले गेलेले लोक शहरात आले, तेव्हा शहरानेही त्यांना नाल्याकाठची आणि रुळाकाठचीच जागा दिली. त्याविरुद्ध बोलणे, मोर्चे काढणे चालूच राहील. पण बाळ काही घर मोठे होण्याची वाट पाहणार नाही. ते नऊ महिन्यांनी येणार.

आणि लहान घरात जागा करणे आपल्याला नवीन नाही. बाबासाहेब शाळेत होते तेव्हा परळच्या चाळीतली एकच खोली होती. तीच स्वयंपाकाची, तीच झोपायची, तीच अभ्यासाची. सगळ्यांना एकदम आडवे व्हायला जागा नव्हती. चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की सुभेदार रामजी भीमाला लवकर झोपायला सांगत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. मग त्याला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः झोपत. खोली तेवढीच राहिली, पण बापाने आपली झोप बाजूला सारून मुलासाठी जागा केली. आपल्या घरी फार तर एक मोडकी सायकल बाजूला सारायची आहे.

दुसरी आठवण जड आहे. बाबासाहेब आणि रमाई यांना पाच मुले झाली. त्यांतले यशवंत जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. राजरत्न 1926 मध्ये गेला. लेकरू गमावण्याचे दुःख आपल्या या आईबापांनी चार वेळा पाहिले. आज लस आहे, दवाखाना आहे, माहिती आहे. त्यामुळे ज्या धोक्याला आपण हाताने दाराबाहेर ठेवू शकतो, तो घरात राहू देणे आपल्याला शोभत नाही.

हे काम कोणाचे

बाळाची तयारी म्हटली की ती बाईच्या गळ्यात पडते. सातव्या महिन्यात ती पेट्या ओढते, आठव्यात माळा झाडते, नवव्यात गोधड्या धुते. "तेवढीच हालचाल होते, बाळंतपण सोपे जाते," असे वर म्हटले जाते. चालणे, घरातली हलकी कामे ही हालचाल. भरलेले पिंप सरकवणे, स्टुलावर चढणे, ओल्या गोधड्यांची बादली जिन्याने गच्चीवर नेणे ही हालचाल नव्हे, ते ओझे आहे.

28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता देणारे विधेयक चर्चेला आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी तिथे मांडले. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. जी विश्रांती त्यांनी गिरणीच्या मालकाकडून मागितली, ती आपण घरात नवऱ्याकडून, दिराकडून, सासऱ्याकडून मागू नये काय? जयंतीला मंडप घालायला, ट्रक सजवायला, निळे झेंडे विजेच्या खांबापर्यंत चढवायला आपली पोरे रात्र रात्र जागतात. ती पोरे एका रविवारी माळा उतरवू शकतात. आम्ही त्यांच्या पाठीशी उभ्या राहून काय कुठे ठेवायचे ते सांगू.

हे काम सहावा महिना संपण्याच्या आत उरका. बाळ लवकरही येऊ शकते, हे आम्ही पाहिले आहे.

एक रविवार, चार ढीग

कोरडा दिवस निवडा. शेजारच्यांना आधी सांगा, म्हणजे गल्लीत सामान काढल्यावर कटकट होणार नाही. एकदम सगळे घर काढू नका, नाहीतर रात्री झोपायचे वांधे होतात. सकाळी माळा आणि पलंगाखाल, दुपारी एक भिंत. एवढे पुरे. प्रत्येक वस्तू हातात घेऊन चार ढिगांपैकी एकात टाका.

पहिला ढीग रोज लागणाऱ्या वस्तूंचा. या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर यायला हव्यात. बाळंतिणीला वाकावे लागू नये आणि चढावेही लागू नये.

दुसरा ढीग वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या वस्तूंचा. पाहुण्यांच्या गोधड्या, लग्नात वापरायची मोठी पातेली. हे माळ्यावर जावे, पण बाळ झोपेल त्या जागेच्या वर नाही. बाळाच्या डोक्यावर फळीवर पितळी हंडा असू नये. ट्रेन गेली की भिंती हादरतात हे रुळाकाठच्या घरांना सांगायला नको.

तिसरा ढीग दुसऱ्याच्या कामाचा. आहेरात आलेले स्टीलचे तेच ते सहा डबे आणि जोडीने आलेली घड्याळे. चांगल्या कपड्यांची बोहारीण भांडी देईल, पण आता भांडी घेऊ नका, घर पुन्हा भरेल. त्यापेक्षा नात्यात, वस्तीत ज्याला गरज आहे त्याला द्या.

चौथा ढीग भंगाराचा. बंद टीव्ही, जळालेली मिक्सर-मोटर, तीन पायांची खुर्ची. दोन वर्षे दुरुस्तीला गेले नाही ते आता जाणार नाही. भंगारवाल्याकडून येणारे शंभर-दोनशे रुपये एका डब्यात टाका, रिक्षाला उपयोगी पडतील. तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत घालायची असतील तर घरातल्या म्हातारीला विचारा. तिच्या आईने दिलेला तांब्या तिला न विचारता विकू नका. तिची पेटीही तिच्या समोरच उघडा. पसारा काढताना म्हाताऱ्या माणसाला आपणही पसाऱ्यातच मोजले गेलो असे वाटता कामा नये.

आणि पुस्तके रद्दीत घालू नका. चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पोटाला चिमटा काढून घेतलेली ती पुस्तके आहेत. एका घरी जागा करायची म्हणून बाबासाहेबांच्या भाषणांचे खंड किलोच्या भावाने गेले, हे ऐकून आम्हाला वाईट वाटले. पुस्तकांना जमीन लागत नाही, दाराच्या वर एक फळी पुरते. ओल लागणार नाही अशी भिंत बघून ठोका.

आधी काय बाहेर काढायचे

सगळे जमले नाही तरी काही गोष्टी घरातून गेल्याच पाहिजेत.

धूर. नवजात बाळाची फुप्फुसे नाजूक असतात. बिडी-सिगारेटच्या धुराने लहान बाळांना न्यूमोनियाचा आणि झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. "मी दारात उभा राहून ओढतो," हे उत्तर दहा बाय बाराच्या घरात चालत नाही, धूर आत येतोच. गल्लीच्या टोकाला जा, आल्यावर हात-तोंड धुवा, शर्ट बदला, मगच बाळाला घ्या. सोडता आली तर याहून चांगली वेळ मिळणार नाही. डासांची कॉइलही धूरच आहे. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावण्यापेक्षा मच्छरदाणी लावा, तिला जागाही लागत नाही.

इथे एक अवघड गोष्ट सांगतो. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर आपण मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतो. लहान खोलीत तो धूर बाळाच्याच नाकात जातो आणि मेणबत्तीजवळ मच्छरदाणी असली तर आगीचीही भीती. वंदना अगरबत्तीवाचून अपुरी राहत नाही. फुले वाहा, गाथा म्हणा. मेणबत्ती लावायचीच तर उंच फळीवर, समोर माणूस असेपर्यंतच. त्रिसरण-पंचशील कानावर पडत बाळ झोपले तर त्याहून चांगली अंगाई कोणती?

विष. शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले रॉकेल, उंदराच्या गोळ्या, संडास धुवायचे ॲसिड, ढेकणांचे औषध, केसांची डाय पावडर. आज बाळ पाळण्यात आहे, पण घरातले तीन वर्षांचे थोरले पाळण्यात नाही. हे सगळे मूळ डब्यात, कडी-कुलपात, उंचावर. आणि लक्षात ठेवा, मुलाने रॉकेल प्यायले तर त्याला ओकायला लावू नका. ओकताना ते फुप्फुसात जाते. तसेच उचलून दवाखान्यात न्या.

साचलेले पाणी. पिंपे काढता येणार नाहीत, ते आम्हाला माहीत आहे. पण त्यांना घट्ट झाकण हवे आणि आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासायला हवीत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. दर रविवारी पिंप कोरडे झाले की ती साखळी तुटते. फ्रीजच्या मागचा ट्रे, कूलर, माळ्यावरचे टायर, पत्र्यावर टाकलेले डबे हेही बघा. बाळ रांगायला लागले की भरलेली बादली जमिनीवर ठेवू नका. चार बोटे पाण्यातही लहान मूल बुडते.

उंदीर आणि झुरळे. पलंगाखाली कोंबलेली गाठोडी, पुठ्ठ्याचे खोके, उघडे पीठ ही त्यांची घरे. खोके टाका, पीठ झाकणाच्या डब्यात घाला, भिंतीतली बिळे सिमेंटने बुजवा. बाळाच्या अंगाला, तोंडाला दुधाचा वास असतो, म्हणून उंदीर तिथेच येतो. ज्या घरात उंदीर आहे त्या घरात हे काम सगळ्यात आधी करा.

बाळाला किती जागा लागते

फार थोडी. आईला पाठ टेकायला तीन फूट भिंत आणि तिच्या पुढे एक अंथरूण. उजेड येईल, वारा खेळेल, पण थेट झोत लागणार नाही आणि ओल नसेल अशी ती जागा हवी. जवळ तीन वस्तू हव्यात: कपड्यांचा एक झाकणाचा डबा, पिण्याच्या पाण्याचा तांब्या आणि हात धुवायला साबण. येईल त्याने आधी हात धुवायचे, मग बाळाला घ्यायचे, मग तो सख्खा काका का असेना.

बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपवा. मोहरीची उशी नको, मऊ लोड नको, तोंडावर येईल असे जाड पांघरूण नको. अंथरुणाची आणि भिंतीची फट राहू देऊ नका. दारू प्यालेल्या माणसाने बाळाच्या शेजारी झोपायचे नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे सांगायची वेळ यायला नको, पण येते म्हणून सांगतो. साडीची झोळी बांधलीत तर गाठ आणि हूक रोज तपासा, झोळी जमिनीपासून फार उंच नको, आणि थोरल्या पोरांच्या भरवशावर झोका सोडून जाऊ नका.

लंगोट, दुपटी, झबली यांना जुन्या सुती साडी-धोतरासारखे कापड नाही. ते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. घरात ओले कपडे दिवसभर टांगले की भिंतींना ओल धरते. त्यापेक्षा शेजारणींशी बोलून गच्चीवर किंवा गल्लीत एक दोरी बाळाच्या कपड्यांसाठी राखून घ्या.

पुढे आणखी एक माणूस त्या जागेत बसणार आहे, आशाताई किंवा पालिकेची आरोग्य सेविका. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ तपासायचे असते. ती वजन करते, ताप बघते. तिला बसायला जागा नसली की ती दारातूनच विचारून जाते आणि बाळाचे कमी वजन, जलद श्वास तिच्या नजरेतून सुटतो. बाळ दूध ओढेनासे झाले, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग तापले किंवा गार पडले, तर तिची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

मनाचा माळाही झाडा

घरातला पसारा निघतो, पण काही जुन्या समजुती कोपऱ्यात तशाच राहतात. बाळंतिणीच्या उशाशी विळी किंवा सुरी, दाराला बिब्बा, लिंबू-मिरची, हाताला काळा दोरा. धारदार वस्तूची जागा ओट्यावर आहे, तान्ह्याच्या उशाशी नाही. काळ्या दोऱ्याने हात काचतो आणि दोरा मळतो. काजळात शिसे असू शकते, ते डोळ्यात नको. नाळेला राख, हळद, तेल काही लावू नका. ती कोरडी ठेवली की आपोआप गळते.

बाळंतिणीला अंधाऱ्या, बंद खोलीत ठेवून कोळशाची शेगडी पेटवायची आणि ओवा-शेपाची धुरी द्यायची, हे अजून चालते. बंद खोलीतल्या कोळशातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, तो झोपेतच माणूस मारतो. ऊब हवी तर टोपडे, मोजे आणि आईची छाती. आमच्या आज्यांनी मायेपोटीच शेगडी पेटवली, त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पण 14 ऑक्टोबर 1956 ला ज्यांनी इतके जुने एका दिवसात टाकले, त्यांच्या लेकी-सुनांना एक शेगडी टाकणे अवघड नाही.

आणि "जन्माआधी काही तयारी करू नये, दृष्ट लागते," हेही टाका. दृष्ट लागत नाही. तयारी नसली की मात्र सून फ्रीजला टेकून बसते.

विकत काय घ्यायचे

जवळजवळ काहीच नाही. पहिल्या तासात आईचे दूध आणि सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीही नाही, मध नाही, गुटी नाही. मग दुधाच्या बाटल्या, पावडरचे डबे, बाटल्या उकळायची भांडी लागतच नाहीत. बाटल्या आणि पावडरची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. काही अडचण असली तर सिस्टरला विचारून घ्या, दुकानदाराला नको. वॉकर घेऊ नका. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट उंबऱ्यावरून, जिन्यावरून पडते.

त्याऐवजी एक पिशवी तयार करून दाराजवळच्या खिळ्याला टांगा. तीत मातृ-बाल संरक्षण कार्ड, तपासण्यांचे कागद, आधार, बँकेचे पासबुक, आईचे दोन सुती गाऊन, बाळाला गुंडाळायला धुतलेली चार दुपटी आणि भंगाराचे ते पैसे. 108 आणि 102 हे आकडे दारावर खडूने लिहा. सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, औषधे आणि आजारी तान्ह्याचे उपचार 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर 6000 रुपये मिळतात. हे पैसे कागद वेळेवर न सापडल्याने बुडतात. घर नीटनेटके असण्याचा हा रोख फायदा.

विहारात एक कपाट

शेवटी आमची एक सूचना. आपल्या घरात पाळणा, बाळाची मच्छरदाणी, लहान टब या गोष्टी वर्षभर लागतात आणि पुढे दहा वर्षे माळ्यावर धूळ खातात. प्रत्येक विहाराने एक कपाट यासाठी ठेवावे. ज्या घरचे मूल मोठे झाले त्याने वस्तू धुऊन, दुरुस्त करून तिथे ठेवावी. ज्या घरी बाळ येणार त्याने नेऊन वहीत नाव लिहावे. महिला मंडळाने वही सांभाळावी. मुलगी असो वा मुलगा, एकच पाळणा. यात खर्च नाही, वर्गणी नाही. दानपारमिता म्हणून आपण जे शिकतो ते इथे हातात धरता येईल.

आमच्या त्या नातीने आता बाळसे धरले आहे. ती रांगू लागली आहे. काल ती रांगत रांगत त्या मोकळ्या भिंतीपासून निघून थेट पिंपापर्यंत पोहोचली. तिच्या आजीने पिंपाचे झाकण तपासले, बादली उपडी घातली आणि आम्हाला निरोप पाठवला: भिंत झाली, आता जमीन मोकळी करायला या. येत्या रविवारी आम्ही जात आहोत. तुमच्या शेजारी कोणाला पाचवा-सहावा महिना चालू असेल, तर तुम्हीही जा.